दार बाहेरून बंद

थोबाडीत बसली तेव्हा ती पाणी पीत होती. कागदी पेला हातातून उडून भिंतीवर आपटला, आणि गाल पेटायच्या आधी तिला भिजलेली बाहीच जाणवली. सुनावणीच्या इमारतीचा दुसरा मजला, दोन्ही बाजूंना बाकडी असलेला लांबलचक व्हरांडा, सकाळचे पावणेदहा. मारणारा एक ठेंगणा म्हातारा होता. गळ्यात माप घ्यायची टेप तशीच लोंबत होती, बहुधा दुकान उघडं टाकून आला असावा. त्याने आधी रीतसर प्रश्न विचारला होता. "बाई, पेपरात आलंय की त्या कंपनीने सदतीस माणसं मारली, आणि ते तुम्ही शोधून काढलंत. त्या सदतिसांत माझी बायको आहे का?" तिने जे खरं तेच सांगितलं. दोनशे बारा माणसं मेली, त्यातली सदतीस कंपनीच्या धुरामुळे, पण ती सदतीस नेमकी कोणती हे कुणालाच सांगता येणार नाही, काका. शिंप्याने मान हलवली, समजल्यासारखी. "मग मी कुणाच्या नावाने रडू, नि कुणाची गचांडी धरू?" तो म्हणाला, आणि हात उचलला. हात शिंप्याचा, पण बसला लोहाराचा. पहारेकरी धावला, म्हाताऱ्याला भिंतीशी दाबून धरलं, त्याची टोपी पडली. "सोडा त्यांना," ती म्हणाली. आपला आवाज इतका शांत कसा, याचंच तिला नवल वाटलं. राग आला होता, पण तो म्हाताऱ्यावर नव्हता. गालावरची ती पाच बोटं तिला ओळखीची वाटली होती. पस्तीस वर्षांनी एखादा वास यावा आणि कोणत्या घरातला ते क्षणात कळावं, तशी.

वकीलबाई रुमाल ओला करून घेऊन आल्या. मेलेल्यांच्या घरच्यांच्या वतीने हा खटला त्याच चालवत होत्या, फी न घेता, आणि दोन वर्षांत त्यांचे केस पांढरे झाले होते. "तक्रार करायची का?" "नको." "अगं, बोटं उठलीत गालावर. अकराला तुझी साक्ष. कंपनीचा वकील बघेल." "बघू दे." वकीलबाईंनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. "काही राहिलंय का गं मला सांगायचं? असेल तर आत्ता सांग. तो माणूस गोड बोलून कातडी सोलतो." "काही नाही," ती म्हणाली. रुमाल गालावर धरून ती बाकड्यावर बसली, आणि हे दोन शब्द तोंडात खडीसारखे राहिले. राहिलं होतं. एक आकडा राहिला होता. तो आकडा तिच्या पर्समध्ये नव्हता, अहवालात नव्हता, कुठेच लिहिलेला नव्हता. फक्त डोक्यात होता आणि गेले सात महिने आतून लाथा मारत होता.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या शेवटी हे शहर अकरा दिवस भाजून निघालं. पक्षी तारांवरून टपाटपा पडले, रस्त्याचं डांबर चपलांना धरून ठेवू लागलं, आणि इस्पितळांनी उष्माघाताचे म्हणून दोनशे बारा मृत्यू नोंदवले. ती तीनशे मैलांवरच्या हवामानसंस्थेत संख्याशास्त्राचं काम करायची. नऊ तासांचा बसचा रस्ता. तिच्या खात्याचं काम बाहेरच्याला सांगायला गेलं तर वेड्यासारखं वाटे, पण होतं साधं. यंत्रात दोन जगं उभी करायची. एकात सगळं घडलं तसं. दुसऱ्यात सगळं तसंच, तेच शहर, तीच घरं, तेच पत्रे, त्याच खिडक्या, तीच माणसं. फक्त एक गोष्ट काढून टाकायची: त्या एका कंपनीने शंभर वर्षं जमिनीतून उपसून जगाला जाळायला विकलेला कोळसा नि तेल, आणि त्याचा आकाशात साठलेला धूर. मग दोन्ही जगं शंभर-शंभर वेळा चालवायची आणि कुठे किती माणसं मरतात ते बघायचं. खात्यातली मंडळी त्यांना 'घडलेलं' आणि 'न घडलेलं' म्हणत. चहा पिताना विनोद चालत, न घडलेल्यात माझं लग्न झालेलं नाही, न घडलेल्यात मी साहेब आहे. पण नियम कडक होता: न घडलेल्या जगात धुराशिवाय काही बदलायचं नाही. कुणाला चांगलं करायचं नाही, कुणाला वेळेवर घरी आणायचं नाही. कंपनीचा धूर काढला की दोनशे बाराचे पावणेदोनशे होत. राहिले सदतीस. ते कंपनीचे.

ऊन माणसाला मारतं म्हणजे काय करतं हे तिने इस्पितळाच्या अहवालांतून वाचलं होतं, आणि तेव्हापासून 'उकाड्याने गेले' हा शब्द ऐकला की तिच्या डोक्यात तिडीक उठे. गेले कसले? ऊन मारतं. शरीर आधी सगळं रक्त कातडीकडे ढकलतं, आतडी कोरडी पडतात, सुकून चिरतात, आणि आतडीतली घाण रक्तात उतरते. स्नायू वितळून मूत्रपिंडात गाळ बसतो. मेंदू सुजतो, माणूस आपल्याच लोकांना शिव्या देतो, कपडे फाडतो, भिंतीवर डोकं आपटतो. चार-पाच तासांची मारहाण असते ती, पोलीस कोठडीतली असावी तशी, फक्त मारणारा खोलीत नसतो. तो कुठे असतो? काचेच्या इमारतीत, थंडगार सभागृहात, अर्धा झोपेत. आणि त्याचा वकील वर म्हणतो, साहेब, आम्ही फक्त कोळसा विकला, जाळला तो लोकांनी. चोराच्या उलट्या बोंबा. ती अहवाल वाचता वाचता टेबलाची कड इतकी घट्ट धरायची की बोटं पांढरी पडत. कुणाचा तरी जबडा फोडावा, दात घशात घालावेत, असं तिला रोज वाटे. मग ती उठून चहा आणायला जाई. ही तिची खोड बापाची होती. बाप मात्र चहा आणायला जात नसे.

बाप, म्हणजे अप्पा, बसडेपोत फिटर होता. दंड इंजिनाच्या जॅकसारखे, नखांत कायमचं काळं ग्रीस, आणि दाराच्या मागे खिळ्याला एक जुना फॅनबेल्ट टांगलेला. रबराचा, आतून दोऱ्याचा, एका बाजूने दातेरी. दातेरी बाजू कुठली लागेल हे त्याच्या मनावर असे. आई तिसऱ्या बाळंतपणात गेली, बाळही गेलं, आणि उरले तिघे. भाऊ तिच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. अक्षर वाकडं आलं म्हणून मार, दूध उतू गेलं म्हणून मार, हसलास का म्हणून मार, रडतोस का म्हणून मार. म्हणजे जात्यात घाला नाहीतर उखळात, कांडणं चुकत नसे. मारून झालं की अप्पा हात धुऊन जेवायला बसत आणि एखाद्या दिवशी भावाच्या पाठीला स्वतःच तेल चोळत, 'लागलं का रे' असं विचारत, आणि हेच सगळ्यात भयंकर होतं, कारण त्या वेळी आवाज खरोखर मऊ असे. ती भावाला कोपऱ्यात ढकलून पुढे उभी राही. बऱ्याचदा. नेहमी नाही. हे 'नेहमी नाही' तिला अजून पाठ होतं, तारखांसकट. एकदा ती खाटेखाली गेली आणि तिथून भावाचे पाय बघत राहिली. ते उड्या मारत होते. अठराव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा ती ट्रंक घेऊन बाहेर पडली आणि बसमध्ये बसल्यावर तिला आठवलं की भाऊ बाराच वर्षांचा आहे. बस सुटली होती. बस थांबवता आली असती. तिने खिडकीची काच लावून घेतली.

पुढे वाघाचे दात पडले. अप्पा सत्तरीला आले आणि डोकं जायला लागलं. भाऊ त्याच घरात राहिला होता, चौथ्या मजल्यावर, वर पत्रा, लग्न नाही. शहराबाहेरच्या शीतगृहात तो कामाला होता, फळं नि मासळी ठेवायच्या मोठाल्या बर्फाळ खोल्यांत. भर उन्हाळ्यात कानटोपी घालून कामावर जाणारा माणूस. अप्पा जिना उतरून कुठेही जात, डेपोत कामाला निघालो म्हणून सांगत, चालत्या वाहनांपुढे उभे राहून बॉनेट उघडायला बघत. शेजाऱ्यांनी तीनदा आणून सोडलं. तेव्हाचा तो फोन. ती कार्यालयाच्या जिन्यात उभी होती, एका हातात डबा. "ताई, आज ट्रकखाली येता येता वाचले. मी कामावर जाऊ, का यांच्या मागे फिरू? बाई ठेवली, तिच्या अंगावर धावून गेले, ती पळाली." "मग कडी लाव बाहेरून." "बाहेरून?" "हो. जेवण-पाणी ठेव आत, नि लाव कडी." "माणूस आहे गं तो." आणि मग ती जे बोलली ते तिला शब्दन् शब्द आठवत होतं, कारण बोलताना जिभेला गोड लागलं होतं. "आपल्याला तो माणूस होता का? लाव कडी. काय व्हायचं ते होऊ दे, माझ्यावर सोड." "तुझ्यावर?" "माझ्यावर." डबा उघडून तिने त्या दिवशी पोटभर खाल्लं.

ती अकरा दिवसांतली आठवी दुपार. शीतगृहाचे कॉम्प्रेसर उष्म्याने एकामागून एक बंद पडत होते, भावाला जागेवरून हलू दिलं नाही, एकाऐवजी दोन पाळ्या करायला लावल्या. उणे चार अंशांत तो मासळीच्या पेट्या एका खोलीतून दुसरीत ओढत होता, आणि घरी पत्र्याखाली खोली तापत होती. शेजाऱ्यांनी दार वाजताना ऐकलं. दीड वाजता ऐकलं, अडीच वाजता ऐकलं. ते रोजच वाजायचं, रोजच शिव्या यायच्या, त्यात नवीन काय? साडेतीनला थांबलं तेव्हा कुणीतरी म्हणालं, सुटलो बाई एकदाचे. भाऊ रात्रपाळी अर्धवट टाकून आला आणि कडी काढली तर दार उघडेना, कारण बाप दारालाच टेकलेला होता. दोन्ही मुठींची हाडं मोडलेली होती. दाराला आतल्या बाजूने, माणसाच्या छातीच्या उंचीवर, रंग उडून लाकूड दिसत होतं.

ती पहिल्या बसने आली. खोलीत बाया, शेजारी, कोपऱ्यात भाऊ. दार तिने पाहिलं. आत काहीतरी फाटलं, आणि फाटलं म्हणजे दुःखच बाहेर येतं असं थोडंच आहे. "कडी कुणी लावली?" ती ओरडली, चारचौघांत, भावाकडे बघून. "कुणी लावली कडी? बोल! बापाला कोंडून मारलंस? जनावर आहेस का?" हाताला पाण्याचा स्टीलचा जग लागला. तिने तो भावाच्या तोंडावर घातला, मग डोक्यावर, मग पाठीवर. लोक आडवे येईपर्यंत मारत राहिली. भुवई फाटून रक्त डोळ्यात गेलं. भावाने हात वर केले नाहीत. एकदाच तिच्याकडे पाहिलं, आणि तिला वाटलं, आता बोलेल, आता सांगेल सगळ्यांना. त्याने मूग गिळले. ती मारत असताना तिच्या खांद्याला, मनगटाला सगळं कसं जमत होतं, कुणी न शिकवता! त्यानंतर दोन वर्षं दोघांत एक शब्द नाही. भुवईला चार टाके पडले हेही तिला तिसऱ्याकडून कळलं.

मग खात्यात यादी आली. मृतांची नावं आधीच काढून टाकलेली असत, तसा नियमच होता, मोजणाऱ्याच्या मनात कुणाचा चेहरा नको. फक्त रकाने. वय, मजला, छप्पर, खिडक्या, एकटे का सोबत, वेळ. ती एकेक ओळ यंत्रात भरत होती, अठ्ठ्याऐंशीव्या ओळीला आली. एकाहत्तर. चौथा. पत्रा. एक. एकटे. दुपारी तीन ते चार. आणि शेवटचा रकाना बाकीच्या ओळींत बहुतेक कोरा, इथे भरलेला: दार बाहेरून बंद. ती ओळीकडे बघत राहिली. बापाला तिने आयुष्यभर आवाजावरून, पावलांवरून, जिन्यातल्या खोकल्यावरून ओळखलं होतं, आता रकान्यांवरून ओळखलं. त्याच क्षणी उठून साहेबांना सांगायला हवं होतं की हे काम माझ्याकडून काढून घ्या. नियम तसाच होता. पण दुसराही एक नियम होता, की यादीतली ओळ हाताने खोडायची नाही, आणि तिने सोयीचा तो नियम धरला. कंपनीला पकडायचं होतं. मनापासून. कारण कंपनीने मारलं असेल तर भावाने मारलं नाही, आणि भावाने मारलं नसेल तर. पुढचं वाक्य ती पुरं करत नसे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण हिला कळसा कुठे आहे ते ठाऊक होतं, म्हणून तर वळसा.

एका दुपारी सगळे जेवायला गेले असताना तिने ती एकटी खोली यंत्रात उभी केली. घडलेल्या जगात खोली शंभरातून चौसष्ट वेळा त्या वयाच्या माणसाला मारी. कंपनीचा धूर काढला की त्रेपन्न वेळा. अकराचा फरक. मग तिने जे करायचं नव्हतं ते केलं. धूर होता तसा ठेवला आणि दार उघडलं. फक्त दार. चौथ्या मजल्यावरून उतरून माणूस जिन्याच्या सावलीला बसू शकतो, कुणीतरी पाणी देऊ शकतं. यंत्राला उत्तर द्यायला चार मिनिटं लागली. शंभरात दोन वेळा. ती उठली, संडासात गेली, दाराला आतून बोल्ट लावला आणि दोन्ही मुठींनी दार बडवायला लागली, मोजत. एकोणीसनंतर मनगटं बधिर झाली. सफाईवाली बाहेरून ओरडली, "कोण आहे गं आत? अडकलीस का?" तेव्हा ती थांबली. मुठी सुजल्या. सहकाऱ्यांना तिने सांगितलं की गाडीच्या दारात हात सापडला.

अकराला पुकारा झाला. खोली साधीच होती. उंचावर तिघे पंच, मध्ये अध्यक्ष, एक टंकलेखिका, पंख्यांचा घरघराट, मागे बाकांवर मेलेल्यांची माणसं. शिंपीही येऊन बसला होता, टोपी मांडीवर. शपथ घेऊन तिने वर पाहिलं आणि तिसऱ्या बाकावर भाऊ दिसला. नवा शर्ट, पेटीतल्या घड्या अजून मोडलेल्या नाहीत. भुवईत एक पांढरी रेघ, तिथे केस उगवलेच नव्हते. हा इथे कशाला? मग तिला कळलं. त्याला कंपनीच्या वकिलाने बोलावलं होतं. त्यांचा साक्षीदार म्हणून. आज या खोलीत त्याला मारणार होते, तिच्याच आकड्यांनी.

कंपनीचा वकील खरंच गोड बोलायचा. आधी तिचं कौतुक केलं, मग पाणी विचारलं. मग म्हणाला, "आपल्या यादीतली अठ्ठ्याऐंशीवी ओळ जरा वाचता का?" तिने वाचली. "शेवटचा रकाना राहिला." "दार बाहेरून बंद." "हे गृहस्थ आपले कोण?" वकीलबाईंच्या हातातलं पेन थांबलेलं तिला दिसलं. "वडील." मागे कुजबुज उठली. अध्यक्ष पुढे झुकले. "हे आपण आधी कळवलं होतं?" "नाही. चूक केली. ती ओळ खोडून टाका, साहेब. माझी संख्या छत्तिसाच्या खाली जात नाही. कुणीही दुसऱ्याने मोजावं." कंपनीचा वकील हसला. "खोडायची घाई नको. मला तीच ओळ हवी आहे. ही व्यक्ती उन्हाने मेली की कोंडल्यामुळे?" "दोन्हींमुळे." "कुणाचा किती वाटा?" "वाटे पडत नाहीत." "असं कसं? आपण तर वाटे पाडण्यातच तज्ज्ञ. आपण दार उघडं धरूनही गणित केलं होतं का?"

हे त्याला ठाऊक नव्हतं. अंधारात दगड मारला होता. 'नाही' म्हटलं असतं तर संपत होतं, तो आकडा कुणीच पाहिलेला नव्हता. आणि 'हो' म्हटलं की भाऊ गेला, आणि दोनशे अकरा घरांच्या तोंडचा घासही कदाचित गेला. तिच्या गालावरची बोटं आता थंड झाली होती. तिने भावाकडे पाहिलं. तो मार खायला बसावं तसाच बसला होता, खांदे किंचित पुढे, हात मांडीवर, चेहरा झाकायची तसदी न घेता. हे बसणं तिने लहानपणी पाहिलं होतं, जग हातात धरून पाहिलं होतं. "केलं होतं," ती म्हणाली. "उत्तर काय आलं?" "दार बंद, शंभरात चौसष्ट. दार उघडं, शंभरात दोन." खोलीत कुणीतरी 'अरे देवा' म्हणालं. वकिलाचा आवाज अजून मऊ झाला, तेल चोळणाऱ्या हातासारखा. "म्हणजे माझ्या अशिलामुळे अकरा, आणि कडीमुळे बासष्ट. ज्याने कडी लावली तो माणूस आज या खोलीत—"

"थांबा," ती एवढ्या जोरात म्हणाली की टंकलेखिका दचकली. "कडी लावायला मी सांगितलं. फोनवर. तो नको म्हणत होता. माणूस आहे म्हणाला. मी म्हटलं, लाव, माझ्यावर सोड. आणि मेल्यावर मीच त्याचं डोकं फोडलं, चारचौघांत, कडी कुणी लावली म्हणून. ती भुवई बघा, ती मी फोडली." तिला थांबता येईना. "बासष्ट माझे. लिहून घ्या. पण तुमचे अकरा त्याने कमी होत नाहीत. दोघांनी मिळून एकाचा गळा दाबला, एकाने जास्त जोर लावला, म्हणून दुसऱ्याचे हात सुटतात का? अर्धा अर्धा खून असतो का कुठे? न घडलेल्या जगातही कडी लावलेलीच आहे, साहेब. ती मी काढलेली नाही, नियमच नाही तसा. त्या जगात मी तेवढीच नीच आहे आणि भाऊ तेवढाच दमलेला आहे. फक्त तुमचा धूर नाही. आणि तेवढ्यानेच तिथे शंभरातून अकरा वेळा म्हातारा जास्त जगतो. भाऊ येऊन दार उघडतो, म्हातारा बाहेर येतो आणि त्याच्या थोबाडीत मारतो. ती थोबाडीत तुम्ही हिरावून घेतलीत. त्याच्याकडून. मी तर घेतलीच." वकीलबाईंनी डोळ्यांवर हात ठेवला होता, रागाने की कशाने ते कळत नव्हतं. पंचांपैकी एक जण खाली बघून काहीतरी लिहीत होता. शिंप्याची टोपी मांडीवरून खाली पडली होती आणि ती उचलायचं त्याला भान नव्हतं. तिला हलकं वाटायला लागलं. बोलले, झालं, भावाचं ओझं उतरवलं, असं काहीसं, आणि त्या हलकेपणाची तिला गोडीही वाटू लागली.

भाऊ उभा राहिला. "साहेब, मला ताईला एक विचारायचंय." "आपली पाळी आल्यावर," अध्यक्ष म्हणाले. "खाली बसा." तो बसला नाही. दोन वर्षांनी तिने त्याचा आवाज ऐकला. रागावलेला नव्हता, बर्फात काम करणाऱ्यांचा असतो तसा जरा घोगरा. "ताई, तू ते शंभर वेळा चालवलंस म्हणतेस. धूर असलेलं शंभर वेळा, धूर नसलेलं शंभर वेळा, दार उघडं ठेवून शंभर वेळा. म्हणजे तीनशेदा ती दुपार झाली." "हो." "त्या तीनशेत तू एकदा तरी घरी येतेस का?"

"या प्रश्नाचं उत्तर देणं आपल्यावर बंधनकारक नाही," अध्यक्ष तिला म्हणाले. तिने तोंड उघडलं. सगळे घटक तिने भरले होते, पत्र्याची जाडी, वाऱ्याची दिशा, जिन्यातली सावली, पाणी देणारा कुणीतरी. ते 'कुणीतरी' तिने स्वतः लिहिलं होतं आणि तिथे एखादा शेजारी धरला होता. ते कुणीतरी आपण असू शकतो, हे तेव्हा तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. भाऊ उभाच होता.

"नाही," ती म्हणाली. "एकदाही नाही."

भावाने मान हलवली आणि खाली बसला. टंकलेखिकेची बोटं थांबली होती. तिने अध्यक्षांकडे पाहिलं, मग हिच्याकडे, आणि हळूच विचारलं, "हे लिहायचं का?"

"लिहा," ती म्हणाली.